सौ. आहे, सौ. नाही

पाराकाकांच्या गाडीला तंद्री लागत असे. गाडी बंद पडायची असं म्हणणं सोपं, पण ते तितकंसं खरं नाही. बंद पडणारी गाडी आचके देते, खोकते, धूर सोडते आणि चार रिकामटेकडे जमवते. ही त्यातलं काही करत नसे. चालता चालता तिचा आवाज मऊ व्हायचा, मग विरळ व्हायचा, आणि एखाद्या वळणापाशी, शक्यतो सावली बघून, ती गप्प व्हायची. आत बसलेल्याला कळायलासुद्धा दोन क्षण लागायचे. आधी झाडावरचे पक्षी ऐकू यायचे, आणि मग लक्षात यायचं की पक्षी ऐकू येताहेत त्या अर्थी इंजिन ऐकू येत नाही.

मग दहा-पंधरा मिनिटं जायची. काका किल्ली फिरवायचे आणि गाडी अशी सुरू व्हायची, जणू मधल्या वेळात कुठे काही घडलंच नव्हतं. दुपारी खुर्चीत डोळा लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला "झोपला होतात का?" विचारलं, तर तो जसा "छे, जागाच होतो" म्हणतो, तशातलाच प्रकार.

काका वेधशाळेतून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी रोज ठरल्या वेळी तापमापकातला पारा वाचून वहीत लिहिला. कचेरीत त्यांना 'पारा' म्हणायचे ते त्यामुळे नव्हे. त्यांचा स्वतःचा पारा कधी चढलेला कोणी पाहिला नव्हता म्हणून. आळीत आल्यावर त्या नावाला 'काका' जोडला गेला. काकू इस्पितळात परिचारिका होत्या, त्याही निवृत्त. गाडी काकांच्या मामांची. वर सायीसारखा, खाली हिरवा असा तिचा दुरंगी देह होता, दिवे गोल, आणि चाकं बारीक. दर रविवारी काका तिला आंघोळ घालायचे, आणि मग तिचं जे जे म्हणून चमकण्यासारखं होतं, म्हणजे मुठी, कडा, दिव्यांच्या चौकटी, पेट्रोलच्या टाकीचं झाकण, ते ते पांढऱ्या पॉलिशने घासायचे. वरच्या मजल्यावरून काकू म्हणायच्या की माझ्या चांदीच्या पैंजणांना इतक्या वर्षांत एवढा हात लागला नाही. काका ऐकू न आल्यासारखं करायचे.

हे असंच गोडीगुलाबीने चाललं असतं, पण परिवहन कचेरीची नोटीस आली. एवढ्या वयाच्या गाड्यांनी निरीक्षकाला सोबत घेऊन चाळीस मिनिटं रस्त्यावर चालून दाखवावं, नाहीतर नोंदणी रद्द होऊन गाडी भंगारात जाईल, असं तीत लिहिलं होतं. तारीख साडेतीन महिन्यांनंतरची होती. काकांनी नोटीस तीनदा वाचली, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली, आणि खिडकीतून खाली बघत बसले. खाली गाडी उन्हात उभी होती. भंगार हा शब्द तिच्या इतक्या जवळ त्यांनी यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

अर्ज भरायला ते कचेरीत गेले. चौदाव्या रकान्यात प्रश्न होता, 'वाहन चालताना बंद पडते काय? होय / नाही.' वेधशाळेच्या माणसाने खोटी नोंद करायची म्हणजे हात झडायला हवा. काकांनी दोन्ही शब्द खोडले आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'कधी कधी'. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. 'कधी कधी' असं उत्तर नाही, म्हणाला. काका म्हणाले, उत्तर नाही पण वस्तुस्थिती आहे. त्यावर कारकून शांतपणे म्हणाला की वस्तुस्थितीचा अर्ज वेगळा असतो, तो तिसऱ्या मजल्यावर मिळतो. तिसऱ्या मजल्यावर कळलं, की गाडी बनवणाऱ्या कंपनीचं पत्र जोडायला हवं. कंपनी बुडून चाळीस वर्षं झाली होती. मग कंपनी अस्तित्वात नाही असं कंपनीच्याच कागदावर लिहून आणा, असं सांगण्यात आलं. काका जिना उतरून पुन्हा खिडकीशी आले, चौदाव्या रकान्यात 'चाचणीत दिसेल' असं लिहिलं आणि मान खाली घालून उभे राहिले. कारकुनाची तोवर जेवायची वेळ झाली होती, त्यामुळे तो अर्ज स्वीकारला गेला.

आता रोग शोधणं आलं. गॅरेजवाले मिस्त्री मोठे कसबी, पण गाडीने त्यांच्यासमोर एकदाही डोळा मिटला नाही. ते तिला गॅरेजभोवती दोनदा फिरवत आणि खाली उतरून म्हणत, "उत्तम आहे." बंद पडेल तेव्हा घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. बंद पडल्यावर घेऊन कशी येऊ, हा काकांचा प्रश्न त्यांना पटला. रोग दिसेना तेव्हा त्यांनी औषधं सुरू केली. प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर उघडून साफ केला, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली. प्रत्येक वेळी गाडी आठवडाभर मजेत असे. आणि मग काकू शेजारी बसलेल्या असताना, नदीपलीकडे त्यांच्या बहिणीकडे जाता जाता, पाण्याच्या उंच टाकीच्या अलीकडे कुठेतरी तिचा आवाज मऊ व्हायला लागायचा.

सल्ले देणाऱ्यांची आळीत वाण नव्हती. तळमजल्यावर तर्कशास्त्राचे प्राध्यापक राहायचे आणि त्यांच्या समोर विमावाले. प्राध्यापकांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती होतं. विमावाल्यांनी आतापर्यंत सातशे अपघातांचे कागद भरले होते, त्यामुळे त्यांना प्रत्येक गाडीच्या कपाळी काय लिहिलंय ते आधीच दिसायचं. संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर तिघांची बैठक बसायची. अंधार पडेपर्यंत ते गाडीकडे बघत बोलायचे, आणि गाडी त्यांच्याकडे गोल दिव्यांनी बघायची.

प्राध्यापक म्हणाले, कारण शोधायचं तर आधी नोंदी हव्यात. काकांचे डोळे चमकले. नोंदी म्हटल्यावर त्यांना तरुण झाल्यासारखं वाटलं. त्यांनी लांब वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीची निरीक्षणं सुरू झाली. तारीख, घड्याळातली वेळ, तापमान, हवेतला दमटपणा, वाऱ्याची दिशा, आकाशाचा किती अष्टमांश भाग ढगांनी व्यापला, रस्ता चढाचा की उताराचा. शेवटून दुसऱ्या रकान्याला त्यांनी 'सौ.' असं नाव दिलं, आणि त्यात 'आहे' किंवा 'नाही' असं लिहायचं ठरवलं. शेवटचा रकाना गाडीचा होता, 'चालू' किंवा 'बंद'. वहीत सगळं होतं. फक्त गाडी सुरू होऊन किती मिनिटं झाली, हे लिहायला रकाना नव्हता. वेधशाळेत ढगाला कोणी विचारत नाही की बाबा, तू निघून किती वेळ झाला.

सहा आठवड्यांच्या नोंदी झाल्या. एका संध्याकाळी काका वही घेऊन पायऱ्यांवर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. वाऱ्याचा संबंध लागत नव्हता. ढगांचा लागत नव्हता. ऊन असो, मळभ असो, गाडीला त्याचं सुखदुःख नव्हतं. संबंध लागत होता तो एकाच रकान्याचा. सौ. नाही, चालू. सौ. नाही, चालू. सौ. आहे, बंद. सौ. नाही, चालू. सौ. आहे, बंद. सहा आठवड्यांत याला एकही अपवाद नव्हता.

प्राध्यापकांनी वही मांडीवर घेतली. आयुष्यभर त्यांनी फळ्यावर लिहिलेलं तर्कशास्त्र प्रथमच कोणाच्या तरी घरात शिरत होतं. मग म्हणाले, "घाई नको. एक एक शक्यता बाद करू."

पहिली शक्यता वजनाची. त्यासाठी काकूंचं वजन हवं होतं. काकांनी ते सहज विचारल्यासारखं विचारलं, आणि या वयात सहज विचारल्यासारखं जे विचारलं जातं त्याकडे बायको ज्या नजरेने बघते त्या नजरेने काकूंनी बघितलं. बासष्ट किलो, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी प्राध्यापकांच्या घरातले बासष्ट किलो जाडजूड ग्रंथ पुढच्या सीटवर रचले, पट्टा बांधला आणि वाचनालयापर्यंत जाऊन आले. गाडी चालूच राहिली. विमावाल्यांनी मग घड्याळावर संशय घेतला. परिचारिकांच्या जुन्या घड्याळात लोहचुंबक असतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. काकूंचं घड्याळ, पर्स आणि चष्म्याचं घर सीटवर ठेवून काका दूध आणायला गेले. तरी गाडी चालूच. इकडे काकू अर्धा तास घरभर पर्स शोधत होत्या.

वाचनालय चार मिनिटांवर होतं आणि दूध त्याहून अलीकडे. काका एकटे कधी लांब जातच नसत. एकट्याने लांब जायला त्यांना आवडत नसे. हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. तीन शहाणी माणसं एका वहीवर ओणवी झाली की समोरचा डोंगरसुद्धा दिसेनासा होतो.

काकूंना वही सापडली ती पर्स शोधताना. काका दूध घेऊन आले तेव्हा त्या जेवणाच्या टेबलाशी बसून ती वाचत होत्या. रुग्णाच्या पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला तक्ता वाचावा तशी, एका रकान्यावर बोट ठेवून, वरून खाली. काका दुधाची पिशवी हातात धरून दारातच उभे राहिले. काकूंनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि वही मिटली.

"तीस वर्षं मी दुसऱ्यांचे तक्ते लिहिले," त्या म्हणाल्या. "रोगाच्या रकान्यात स्वतःला पहिल्यांदाच बघितलं."

"अगं, तसं नाही ते. नुसत्या नोंदी आहेत."

"हो. नोंदी कधी खोटं बोलत नाहीत, असं तुम्हीच म्हणता."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, भांडी आपटली असती, आणि रात्रीपर्यंत सगळं निवळलं असतं. पण काकू फार नीट वागायला लागल्या. त्या बहिणीकडे बसने जाऊ लागल्या. निघताना म्हणायच्या, "तुमची परीक्षा आहे, उगाच माझ्यामुळे विघ्न नको." परत आल्यावर बसमध्ये जागा मिळाली होती हे आवर्जून सांगायच्या. काकांच्या चहात साखर बरोबर, इस्त्रीच्या घड्या बरोबर, सगळं बरोबर. घरात ताप नव्हता, पण हवा पडली होती. काकांना पडलेल्या हवेचा अर्थ चांगला कळायचा.

आणि गाडी? गाडी आता बंद पडेना. काका रोज वाचनालयात जायचे, दूध आणायचे, आणि वहीत लिहायचे, 'सौ. नाही, चालू.' प्राध्यापक म्हणाले, सिद्धांत पक्का झाला. विमावाल्यांनी अभिनंदन केलं. काका मात्र ही ओळ लिहून झाली की वही लगेच मिटायचे. त्यांना राहून राहून पाण्याच्या टाकीखालची ती दहा-पंधरा मिनिटं आठवायची. तेव्हा किल्ली फिरवून उपयोग नसायचा आणि घाई करूनही नसायचा. काकू काच खाली करायच्या, चपला काढून पाय वर घ्यायच्या, आणि घरी कधी न सांगितलेलं काहीतरी सांगायला लागायच्या. एकदा त्यांनी वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली होती. तो दर पहाटे त्यांना स्वतःच्या मुलीच्या नावाने हाक मारायचा, आणि त्याही ओ द्यायच्या. सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. काका वर बघत होते, पण ढग मोजायचे राहून गेले. त्या दिवशीचा ढगांचा रकाना कोरा होता, आणि चौतीस वर्षं अधिक सहा आठवडे अशा हिशेबात तेवढी एकच नोंद चुकली होती. आता ती दहा-पंधरा मिनिटं बंद झाली होती. रोग बरा झाला, आणि काका आजारी पडल्यासारखे दिसू लागले.

परीक्षेचा दिवस उजाडला. काकू दारापर्यंत आल्या, "सांभाळून जा," म्हणाल्या आणि आत वळल्या.

निरीक्षक तरणाबांड असायला हवा होता, पण चेहऱ्यावरून वाटत नव्हता. त्याच्या घरी दोन महिन्यांची जुळी होती. एक झोपलं की दुसरं उठतं, हे त्याने कागद तपासता तपासता आपणहून सांगितलं. पुढचं दार उघडून तो बसायला लागला तेव्हा काका घाईघाईने म्हणाले, मागे बसा, मागे पाय पसरता येतात. खरं कारण पाय नव्हतंच. ती सीट रिकामी राहिली तर चालेल, पण तिच्यावर दुसरं कोणी बसलेलं काकांना बघवणार नव्हतं. निरीक्षक मागे बसला. मागची सीट जुन्या काळची, रुंद आणि खोल. गाडी निघाली, खिडकीतून कोवळं ऊन आत-बाहेर करायला लागलं, आणि सातव्या मिनिटाला मागून संथ, एका लयीतला श्वास ऐकू यायला लागला. सरकार मागच्या सीटवर झोपलं होतं.

काका चालवत राहिले. रस्ता ठरलेला होता: नदीकाठाने वर, पुलाला वळसा, टाकीपाशी उजवीकडे आणि परत. पाण्याची टाकी दिसू लागली तेव्हा काकांना इंजिनाचा आवाज मऊ झाल्यासारखा वाटला. भास असेल म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं. मग आवाज विरळ झाला. मग गाडी एका मोठ्या झाडाच्या सावलीत, हलकेच, कोणाची झोप न मोडता थांबली, आणि काकांना पक्षी ऐकू आले.

अकरा वाजून सदतीस मिनिटं झाली होती.

काकांनी शेजारच्या सीटकडे बघितलं. ती रिकामी होती. त्यांनी पुन्हा बघितलं. सौ. नाही, बंद. पहिल्यांदा त्यांच्या छातीत धस्स झालं. गाडी गेली, भंगार, आता काही उरलं नाही. पण ते धस्स होणं पुरतं खाली पोहोचायच्या आत त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं, आणि ते इतकं मोठं होतं की काकांना दार उघडून बाहेर यावं लागलं. ते झाडाखाली उभे राहिले आणि एकटेच हसायला लागले. पासष्टी उलटलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस बंद पडलेल्या गाडीशेजारी दोन्ही हात वर करून हसतोय हे बघून एका सायकलवाल्याने मदत हवी का विचारलं. काका म्हणाले, काही नको, झालं माझं काम.

तिथून घर पायवाटेने दहा मिनिटांवर होतं. निरीक्षक झोपलेलाच होता. काकांनी त्याच्या बाजूची काच थोडी खाली केली, त्याला वारा लागतोय ना पाहिलं, आणि ते निघाले. चालायला लागलेले काका पहिल्या वळणानंतर पळायला लागले.

काकू उशांचे अभ्रे शिवत बसल्या होत्या. दारात धापा टाकणारे काका बघून त्या एकदम उठल्या आणि आधी त्यांनी काकांची नाडी धरली.

"बंद पडली," काका म्हणाले.

"काय झालं? तुम्ही बसा आधी."

"गाडी बंद पडली. तू नव्हतीस. तू नसताना बंद पडली."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. नाडीवरचं बोट तसंच होतं. "मग परीक्षा?"

"गेली. नापास."

"आणि हे सांगायला तुम्ही पळत आलात?"

"चुकलं माझं," काका म्हणाले. "वहीत चुकलं नाही, आधीच चुकलं. तो रकाना आखायलाच नको होता."

काकूंनी शिवणातली सुई अभ्र्यात टोचली, मग पुन्हा काढून पदराला लावली, पाणी दिलं, आणि चपला घातल्या. "चला, बघू तुमची ती," म्हणाल्या. जिना उतरताना त्यांनी काकांचा हात धरला होता, पण तो नाडीपाशी नव्हता.

गाडी सावलीत होती आणि निरीक्षकही होता, तसाच, छातीवर पाटी आणि पाटीवर कोरा अर्ज. काकूंनी गाडीभोवती एक फेरी मारली. कधीपासून होतंय, किती वेळाने होतंय, आपोआप बरं वाटतं का, असं त्या विचारत गेल्या, आणि काका सांगत गेले. निघाल्यावर किती मिनिटांनी, या प्रश्नापाशी काका अडखळले. त्यांनी मनात मोजलं. कचेरीतून टाकी, बावीस मिनिटं. घरातून नदीवरून फिरून टाकी, बावीस-तेवीस मिनिटं. वाचनालय, चार मिनिटं. त्यांची कानशिलं तापली.

"पोटात आहे का काही, बघितलंत?" काकूंनी विचारलं.

टाकी भरलेलीच असते, ती रविवारीच भरतो, काका म्हणाले. तरी काकूंनी झाकण फिरवलं. झाकण घट्ट बसलं होतं. ते सुटलं तेव्हा आतून एक लांब, बारीक उसासा आला. फुस्स. काकू थबकल्या. मग त्यांनी झाकण डोळ्यांपाशी धरलं, फिरवून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की ते काकांनी किती तरी दिवसांत बघितलं नव्हतं.

"अहो, हिला हवेची सुई नाही."

काकांना काही कळलं नाही. काकूंनी सांगितलं की पूर्वी काचेच्या बाटलीतून सलाईन लावायचे, तेव्हा बाटलीच्या बुचात आणखी एक सुई टोचावी लागायची, हवा आत जायला. नवीन मुली ती विसरायच्या. मग सलाईन थोडा वेळ छान चालायचं, आणि हळूहळू थेंब विरळ होत होत थांबायचे. मुली नळी बदलायच्या, हात बदलायच्या, डॉक्टरांना बोलवायच्या. बाटलीतून जेवढं बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी, एवढंच. झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक होतं, नीट बघितल्याशिवाय न दिसणारं. ते पांढऱ्या, दगडासारख्या झालेल्या पॉलिशने गच्च बुजलेलं होतं. दर रविवारी थोडं थोडं, वर्षानुवर्षं.

काका त्या झाकणाकडे बघत राहिले. आरशात दिसावेत तसे ते त्यात दिसत होते.

काकूंनी पदराची सुई काढली, भोक कोरलं, फुंकर मारली आणि झाकण उन्हाकडे धरलं. पलीकडून उजेडाचा एक ठिपका आला. "आता लावा," म्हणाल्या, आणि पुढचं दार उघडून आपल्या जागी बसल्या.

अर्धवट चाचणी काकांना मान्य नव्हती. मोडलेलं निरीक्षण पहिल्यापासून घ्यायचं असतं. त्यांनी चाळीसच्या चाळीस मिनिटं पुन्हा मोजायची ठरवली आणि किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. काकू मनगटावरच्या घड्याळात बघत होत्या. नदी आली, पूल आला. पंधरा मिनिटं, अठरा, वीस. एकविसाव्या मिनिटाला काकूंनी सीटची कड धरली. बावीस. तेवीस. काकांना वाटलं आवाज मऊ झाला, पण ते मागच्या सीटवर निरीक्षकाने कूस बदलली होती. तिसावं मिनिट गेल्यावर काकूंनी काच खाली केली आणि चपला काढून पाय वर घेतले.

कचेरीच्या फाटकाशी खड्ड्यात चाक गेलं आणि निरीक्षक जागा झाला. त्याने आजूबाजूला बघितलं, पुढच्या सीटवर एक बाई आहेत हे बघितलं, आणि काही न विचारता पाटी सावरून पेन काढलं. त्याच्या डोळ्यांत दोन महिन्यांनी झोप झालेल्या माणसाचा चांगुलपणा होता.

"छान चालली," तो म्हणाला. "कुठे बंद वगैरे पडली नाही ना?"

"नाही म्हणा," काकू हळूच म्हणाल्या. "आता पडतच नाही ती."

काकांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. समोर कचेरी, तिची खिडकी, खिडकीतला तो कारकून. 'नाही' म्हटलं तर गाडी घरी येणार होती. काकांनी एकदा शेजारी बघितलं.

"पडली होती," ते म्हणाले. "एकदा. अकरा वाजून सदतीस मिनिटांनी, टाकीपाशी. कारण सापडलं, दूर केलं, त्यानंतर सलग चाळीस मिनिटं चालली. हे सगळं लिहा, आणि मग पास करा नाहीतर नापास करा. पण आणखी एक लिहा. बंद पडली तेव्हा ही गाडीत नव्हती."

निरीक्षकाचं पेन थांबलं. "याला रकाना नाहीये काका."

"शेऱ्यात लिहा."

निरीक्षकाने काकांकडे बघितलं, मग काकूंकडे. काकू खिडकीबाहेर बघत होत्या, आणि त्यांचा पदर डोळ्यांशी होता. त्याने पाटी मांडीवर घेतली आणि शेऱ्याच्या जागी स्वच्छ अक्षरात लिहिलं. लिहिलेलं त्याने वाचूनही दाखवलं. 'वाहन एकदा बंद पडले. त्या समयी सौ. वाहनात नव्हत्या. सौ. आल्यावर दोष दूर झाला. वाहन योग्य.' खाली त्याने सही केली. खिडकीतल्या कारकुनाने हा शेरा दोनदा वाचला, काकांकडे एकदा पाहिलं, आणि सहीखाली शिक्का मारला, कारण सही असेल तर शिक्का मारायचा असतो.

दाखला काकूंनीच घेतला. गाडीत बसून, वरून खाली, एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी तो वाचला, मग चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला. काका म्हणाले, अगं, तो गाडीच्या फाइलीत लागतो. काकू म्हणाल्या, लागू दे. तेव्हापासून गाडीच्या फाइलीत त्या दाखल्याची नक्कल आहे. अस्सल काकूंकडे असतो, आणि तो त्या काकांच्यासुद्धा हातात देत नाहीत.